लग्नाशिवाय एकत्र राहतो, फ्लॅट त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या माघारी मला या घरात राहता येईल का?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी ६३ वर्षांची, मूळची सांगलीची. यजमान २००९ साली गेले, मूलबाळ नाही. २०१८ पासून पुण्यात कर्वेनगरला माझ्या जोडीदारांसोबत राहते. ते ६९ वर्षांचे, विधुर. मुलगा जर्मनीत, मुलगी ठाण्याला. त्यांच्या आई ९१ वर्षांच्या आहेत, साताऱ्याला धाकट्या मुलाकडे असतात.

आम्ही लग्न केलेलं नाही, करणारही नाही. त्यावर कृपया सल्ला नको. बऱ्याच कारणांपैकी एक सांगते: यजमानांच्या मागे मिळणारी ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन पुनर्विवाह केला की थांबते. रक्कम लहान आहे, पण दर महिन्याला माझ्या हातात येणारी तेवढीच आहे.

फ्लॅट त्यांनी १९९८ मध्ये स्वतःच्या पगारातून घेतला. करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट एकट्यांच्या नावावर. मुलाच्या शिक्षणासाठी तो गहाण ठेवून कर्ज काढलं होतं. २०२० मध्ये मी माझा सांगलीचा ब्लॉक विकला आणि त्यातले १८ लाख त्यांच्या खात्यात चेकने दिले, त्यातून ते कर्ज फिटलं. "हे तुझे परत करायचे आहेत" असं ते तेव्हाच म्हणाले होते. लिहून काही ठेवलेलं नाही.

गेल्या दिवाळीत त्यांची बायपास झाली. मुलगा आला होता. हॉस्पिटलात तो बहिणीला फोनवर म्हणाला, "घराचं काय ते आता बघायला हवं." त्यात वावगं काही नाही, मुलांनी विचार करायलाच हवा. पण ते ऐकल्यापासून मला झोप नाही. मुलं माझ्याशी नीट वागतात, तरी उद्या हे नसले तर मी त्या घरात कोण?

ते म्हणतात, "सोसायटीत नॉमिनेशन तुझ्या नावाचं केलंय, शंभर टक्के. काळजी कशाला?"

मला फ्लॅटची मालकी नको. तो त्यांच्या मुलांचाच आहे. मला मरेपर्यंत याच घरात राहायचं आहे आणि माझे १८ लाख माझ्या भाचीला मिळायला हवेत. त्यासाठी नेमके कोणते कागद करावे लागतील?

माजी सेक्रेटरी, कोथरूड

ताई, नॉमिनेशनवर विसंबू नका. आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षं सेक्रेटरी होतो आणि हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरात पाहिला.

सहकार कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातलं कलम १५४ब-१३ वाचा. सभासद वारल्यावर सोसायटी नॉमिनीला घेते ते तात्पुरता सभासद म्हणून. कायदेशीर वारस किंवा मृत्युपत्राने ज्याला हक्क मिळाला तो माणूस सभासद होईपर्यंतच. म्हणजे सोसायटीने मधल्या काळात पत्रव्यवहार कोणाशी करायचा, मेंटेनन्स कोणाकडे मागायचा, एवढ्यापुरता नॉमिनी. घर त्याचं होत नाही. कंपनीच्या शेअर्सबाबतही नॉमिनी मालक नाही, वारसच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

बरेच जण सुचवतील, सहयोगी सभासद व्हा, म्हणजे त्यांच्या शिफारशीने सोसायटीत त्यांच्या जोडीने सभासद व्हा. तेही तुम्हाला जमणार नाही. त्या व्याख्येत नवरा, बायको, आईवडील, भाऊबहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतणे-भाचे इतकीच नाती आहेत. तुमचं नातं त्या यादीत नाही. हे मला स्वतःला पटत नाही, पण कमिटी यादीबाहेर जाऊ शकत नाही.

मृत्युपत्र नसेल तर काय होईल तेही ऐका. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा, मुलगी आणि आई हे तिघे पहिल्या वर्गाचे वारस. प्रत्येकी एक तृतीयांश. ९१ वर्षांच्या आजींचा वाटा पुढे त्यांच्या सगळ्या मुलांत जाईल, म्हणजे साताऱ्याचे धाकटे भाऊही कर्वेनगरच्या फ्लॅटचे हिस्सेदार. तुमचं नाव यात कुठेच येत नाही. मुलं कितीही चांगली असली तरी एवढ्या जणांच्या सह्या जमवताना माणसं थकतात आणि मग "विकून टाकू" हा सोपा मार्ग होतो.

दिवाणी वकील, अहिल्यानगर

माजी सेक्रेटरींचं बरोबर आहे. ताई, तुमच्या दोन मागण्या आहेत, छप्पर आणि पैसा. दोन्ही एका कागदात बांधू नका.

आधी छप्पर. फ्लॅट त्यांचा स्वकष्टार्जित आहे, त्यामुळे मृत्युपत्राने तो कोणालाही, कोणत्याही अटीवर देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. त्यांनी मृत्युपत्रात लिहावं की माझ्या पश्चात अमुक यांना त्यांच्या हयातीपर्यंत या सदनिकेत राहण्याचा हक्क राहील आणि त्यांच्या पश्चात सदनिका माझ्या मुलाला व मुलीला समान जाईल. कायद्याला हे मान्य आहे. पण एवढ्या दोन ओळींवर थांबलात तर पुढे भांडण होतं. मी दर वेळी हे मुद्दे लिहून घेतो: मेंटेनन्स आणि मिळकतकर कोण भरणार. मोठी दुरुस्ती निघाली तर खर्च कोणाचा. तुमच्या हयातीत मुलांना फ्लॅट विकता येणार की नाही, विकलाच तर तुमच्या हक्कासकट. तुम्ही काही महिने भाचीकडे राहिलात तर हक्क जातो का. आणि पुण्यात सगळ्यात महत्त्वाचं, पुनर्विकास. १९९८ ची इमारत आहे. उद्या बिल्डर आला तर बाहेर राहण्याच्या काळातलं भाडं कोणाच्या खात्यात जमा होणार आणि नव्या इमारतीतल्या सदनिकेत तुमचा राहण्याचा हक्क तसाच पुढे चालणार का? हे शब्दांत नसेल तर "जुनी सदनिकाच उरली नाही, हक्क कसला?" असा युक्तिवाद होतो.

मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी लागत नाही. साध्या कागदावरही चालतं, नोंदणी सक्तीची नाही. तरी तुमच्यासारख्या प्रकरणात दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच. दोन साक्षीदार लागतात. दोघांनीही त्यांच्यासमोर सही करायची. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. आणि साक्षीदार त्यांच्यापेक्षा वयाने बरेच लहान घ्या. मृत्युपत्राला कोणी आव्हान दिलं तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं. सत्तरीच्या मित्राला साक्षीदार करून ठेवायचं आणि दहा वर्षांनी त्याला शोधत फिरायचं, असं नको. बायपास झालेली आहे, तेव्हा डॉक्टरांचं "मानसिक स्थिती उत्तम" असं प्रमाणपत्र त्याच दिवसाच्या तारखेचं जोडा.

आता जे सांगतो ते नीट लक्षात ठेवा. या मृत्युपत्राच्या कामात तुम्ही कुठेही दिसायचं नाही. वकील तुम्ही शोधायचा नाही, फी तुम्ही द्यायची नाही, मसुदा तुमच्या अक्षरात किंवा तुमच्या फोनवर नको, नोंदणीच्या दिवशी तुम्ही घरी थांबा. ज्याला फायदा होतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल तर कोर्ट ते संशयाने बघतं, हे तत्त्व १९५९ पासून पक्कं आहे. पत्नी असती तर नवऱ्यासोबत गेली म्हणून कोणी फारसं काही म्हटलं नसतं. तुमच्याबाबत विरुद्ध बाजूचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. आईला आणि मुलांना विसरलेलं नाही हेही त्यात दिसू द्या. आईला फ्लॅटमध्ये हिस्सा का दिला नाही, मुलांना आतापर्यंत काय दिलं, तुम्हाला राहण्याचा हक्क का देत आहेत, हे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत दोन-चार वाक्यांत यायला हवं.

एक मर्यादा सांगून ठेवतो. मृत्युपत्र ते हयात असेपर्यंत कधीही बदलता येतं, आणि नोंदवलेलं मृत्युपत्र नंतरच्या साध्या कागदावरच्या मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकतं. म्हणूनच पैशांचा कागद वेगळा हवा.

१८ लाख २०२० मध्ये दिले. उसनवारीची मुदत तीन वर्षं, ती उलटून गेली. घाबरू नका. मुदत गेलेलं कर्ज मी फेडीन असं देणेकऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलं तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे तो नवा, बंधनकारक करार होतो. त्यात २०२० च्या चेकचा नंबर, तारीख, ते पैसे कोणतं कर्ज फेडायला गेले, सगळं यावं. त्याहून भक्कम करायचं असेल तर त्याच रकमेसाठी फ्लॅटवर साधं गहाणखत करून नोंदवा. मग दाव्याची मुदत बारा वर्षं होते आणि घर विकायला काढलं तरी तुमचा बोजा दिसतो. त्याला स्टॅम्प लागेल. माणूस गेल्यावर त्याच्या इस्टेटीतून आधी देणी फिटतात, मग वाटे पडतात.

लोक तुम्हाला कौटुंबिक हिंसाचार कायद्याचंही सांगतील. २००५ च्या त्या कायद्यात विवाहासारख्या नात्यातल्या स्त्रीलाही सामायिक घरात राहण्याचं संरक्षण आहे. तुम्ही दोघंही लग्नाला मोकळे आहात, उघडपणे जोडीने राहता, वर्षंही पुरेशी झालीत, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या वेलुसामी निकालात अशा नात्यासाठी सांगितलेल्या कसोट्यांवर तुमचं नातं उतरतं. पण तो कोर्टात जाऊन भांडायचा मार्ग आहे. त्या वयात त्या दिवसांत तुम्हाला तो चालावा लागू नये म्हणूनच आत्ता कागद करायचे.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पुनर्विकासाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या सोसायटीत त्याची बोलणी सुरू आहेत.

शेजारच्या बाई म्हणतात, एवढी भानगड कशाला, सरळ अर्धा फ्लॅट बक्षीसपत्र करून घ्या, त्यांच्या नवऱ्याने त्यांना दोनशे रुपयांत करून दिला. आणि मुलांकडून आत्ताच हक्कसोड लिहून घेतलं तर?

जमाखर्च

मी सीए आहे. ताई, शेजारच्या बाईंचे दोनशे रुपये तुमचे नाहीत. महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर स्टॅम्प ड्युटी २०० रुपये. तुम्ही कायद्याने त्यांच्या कोणीच नाही, त्यामुळे तुम्हाला खरेदीखतासारखी ड्युटी. पुण्यात स्थानिक कर आणि मेट्रोचा अधिभार धरून ती साधारण सात टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय आयकर. "नातेवाईक" नसलेल्या माणसाकडून ५० हजारांपेक्षा जास्त मूल्याची स्थावर मालमत्ता फुकट मिळाली तर तिचं पूर्ण मुद्रांक मूल्य (स्टॅम्प ड्युटीसाठी सरकार धरतं ती किंमत) तुमच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात धरलं जातं. पेन्शनवर राहणाऱ्या बाईला काही लाखांचा कर. हीच मालमत्ता किंवा हाच हक्क मृत्युपत्राने मिळाला तर हा कर लागत नाही. तुमच्या जागी मी मृत्युपत्राचाच रस्ता धरेन.

याच नियमामुळे तुमचे १८ लाख "उसने दिले" हे कागदावर स्पष्ट असणं त्यांच्याही हिताचं आहे. तुम्ही त्यांच्या नातेवाईक नाही, तेव्हा ती रक्कम भेट ठरली तर त्यांच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. ते परत करायचेच होते, तर ते जसं आहे तसं लिहा. चेकने दिलेत हे फार चांगलं, बँकेचं त्या वर्षीचं स्टेटमेंट आत्ताच काढून ठेवा, जुनं मागितलं की बँका वेळ लावतात.

हे वाचणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी एक इशारा. एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर घर घेऊ नका. बेनामी कायद्यात पती-पत्नी आणि मुलांना सूट आहे, जोडीदाराला नाही. करारनाम्यात दोघांची नावं, टक्केवारी आणि कोणी किती दिले ते लिहा. नुसती दोन नावं असली म्हणजे एकाच्या मृत्यूनंतर सगळं दुसऱ्याला, असंही होत नाही. मेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. दोघांनीही आपापलं मृत्युपत्र करायचंच.

दिवाणी वकील, अहिल्यानगर

हक्कसोडीचं उत्तर: वडील हयात असताना मुलांचा त्या फ्लॅटमध्ये हक्कच नाही, मग सोडणार काय? पुढे वारस होण्याची शक्यता ही हस्तांतरित करता येणारी गोष्ट नाही, असं कायदा म्हणतो. तो कागद टिकणार नाही.

आणि ताई, तुमच्या स्वतःच्या मृत्युपत्राचं कोणीच बोललं नाही. निपुत्रिक विधवेने मृत्युपत्र न करता डोळे मिटले तर तिच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवर पहिला हक्क तिच्या नवऱ्याच्या वारसांचा, तिचे आईवडील त्यानंतर. भाची कुठेतरी खूप मागे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी बाईला घराबाहेर काढलं, ती शिकली, नोकरी केली, पैसा साठवला आणि मृत्युपत्र न करता गेली. सगळं गेलं सासरच्या वारसांना. तुमचे १८ लाख हे तुमचं येणं आहे, तेही वारशातच धरलं जाणार. भाचीचं नाव तुम्ही लिहिल्याशिवाय ते तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

ठाणेकर लेक

मी वकील नाही. मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे तुमच्या जोडीदारांच्या मुलीच्या जागी असलेली. आई गेल्यावर काही वर्षांनी बाबा एका काकूंसोबत राहायला लागले. आम्हा भावंडांना त्यांचं राहणं कधी खटकलं नाही. खटकायचं ते एवढंच, की घराबद्दल घरात कोणी बोलत नसे आणि बाहेरचे नातेवाईक कानाशी लागत: "सांभाळा हं, घर जाईल."

मग बाबांनी आम्हा दोघांना बसवलं आणि स्वतः वाचून दाखवलं. काकू राहतील, नंतर घर तुमचं, दागिने आईचे म्हणून लेकीला आणि सुनेला. काकू त्या वेळी मुद्दाम बाहेर गेल्या होत्या. मला रडू आलं ते आईच्या दागिन्यांचं ऐकून, घराचं ऐकून नाही. भावाने दोन प्रश्न विचारले, बाबांनी उत्तरं दिली आणि विषय संपला. बाबा गेल्यानंतर नातेवाईकांना आम्हीच सांगितलं की काकू इथेच राहणार आहेत.

कृष्णाकाठ काकू, मुलांना हे त्यांच्या वडिलांच्या तोंडून कळू द्या. मुलगा जर्मनीत असला तरी फोनवर नको, तो पुढच्या वेळी येईल तेव्हा समोरासमोर. आम्हाला घरापेक्षा आई पुसली जाईल याची भीती असते, ती बाबांनीच घालवायची असते.

म्हापसेकर

गोव्यातल्या वाचकांसाठी थोडक्यात, नाहीतर वरचं वाचून कोणी तसंच करायला जाईल. आमच्याकडे सगळी मालमत्ता मर्जीप्रमाणे देता येत नाही. मुलं किंवा आईवडील असले तर अर्धी त्यांची राखीव, उरलेल्या अर्ध्यापुरतंच मृत्युपत्र चालतं, आणि तेही खास नोटरीसमोर करावं लागतं. गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाचं घर पुण्यात असलं तरी त्याला हाच कायदा लागू होतो, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. तेव्हा जोडीदार मूळचे गोव्याचे असतील तर आधी ते तपासा.

कृष्णाकाठ

नाही, ते साताऱ्याचेच.

सगळं त्यांना वाचून दाखवलं. नॉमिनेशनचं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच उठून करारनाम्याची फाइल काढली. त्यांच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याची ओळखीची वकील आहे, तिच्याकडे ते एकटे जाणार आहेत. मी जाणार नाही. मी माझ्यासाठी वेगळ्या वकिलांची वेळ घेतली आहे, भाचीला अजून काही सांगितलेलं नाही.

मुलगा मे महिन्यात येतोय. त्यांच्या मुलीलाही तेव्हाच ठाण्याहून बोलावणार. ठाणेकर लेक, तुझं वाचून मला एक गोष्ट आठवली. त्यांच्या पत्नीचा फोटो हॉलमध्ये आहे, तो मी रोज पुसते आणि गुरुवारी हार घालते. ते मुलांना माहीत आहे की नाही, कोण जाणे.

एकच विचारायचं राहिलं. मूळ मृत्युपत्र ठेवायचं कुठे? ते म्हणतात बँकेच्या लॉकरमध्ये.

माजी सेक्रेटरी, कोथरूड

लॉकर एकट्यांच्या नावावर असेल तर नको. ते गेल्यावर लॉकर उघडायलाच कागद मागतील आणि कागद लॉकरच्या आत. मृत्युपत्रात त्याची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक म्हणून ज्याचं नाव घालतील त्याच्याकडे मूळ प्रत द्या. तो माणूस मुलांनाही चालणारा असावा, त्यांचा एखादा जुना सहकारी, पण वयाने लहान. नोंदणी क्रमांक आणि दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव तुमच्याकडे आणि दोन्ही मुलांकडे लिहून ठेवलेलं असू द्या, त्यावरून पुढे प्रमाणित प्रत काढता येते. मृत्युपत्र झालं म्हणून नॉमिनेशन बदलू नका, राहू द्या तुमच्याच नावाचं. मधल्या काळात सोसायटीची पत्रं तुमच्याच दारात येतील आणि पुनर्विकासाच्या सभेची नोटीसही.